अकराव्या पानावरचा एटना

सनशाइन, मेलबर्न
३ ऑगस्ट १९८६

ती. विस्तिनदादास,
लेलीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. दोलोरचं गुडघ्याचं रडगाणं चालू आहे, पण तेल लावून घ्यायला नवरा हाताशी आहे म्हटल्यावर ते चालूच राहणार. तू शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं. सकाळी घंटा ऐकू आली की अजून टोपी शोधतोस, असं कार्मेनाताईनं मागच्या पत्रात कळवलं होतं. वाचून आम्ही दोघं हसलो.

कामाचं लिहितो. परवा तान्या, माझी नात, शाळेतून रडत आली. वर्गात बाईंनी प्रत्येकाला आजोबांचा देश नकाशावर दाखवायला लावला. इटलीच्या पोरांनी बूट दाखवला. आमच्या पोरीनं सिसिलीच्या खाली बरोबर आपल्या माल्टावर बोट ठेवलं, तर बाई म्हणाल्या, बाळ, तो माशीचा डाग आहे. एवढ्यावर थांबल्या असत्या तर चाललं असतं. त्यांनी तो डाग नखानं खरवडून पाहिला, आणि दादा, तो निघाला. आपला देश निघाला.

रविवारी आपल्या बेटावरच्या, गोझोकरांच्या क्लबात मी हे सांगितलं, तर ज्याच्या त्याच्या घरी तीच तऱ्हा. ठरलं की नातवंडांसाठी बारा पानांची पुस्तिका काढायची आणि तेरा डिसेंबरला, प्रजासत्ताक दिनी, वाटायची. लिहिणार कोण म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, अरे, मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. तर स्पीरू म्हणाला (चक्कीवाल्याचा स्पीरू, तुझाच विद्यार्थी), भाऊ मास्तर आहे ना तुझा, मग झालं तर. न्हाव्याच्या भावाकडून दाढी करून घेण्यातला प्रकार. पण मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर आवडलं मला.

नाव ठेवलंय ‘आपले बेट : स्थान आणि पार्श्वभूमी’. वर्षाच्या पहिल्या दिवशी तुझ्या फळ्यावर हेच लिहिलेलं असायचं, असं स्पीरू सांगतो. सोबत सगळी पानं पाठवतोय. लाल शाई मनसोक्त वापर.

फक्त अकरावं पान जरा हळू हातानं वाच. ते कुठल्या पुस्तकातलं नाही. अडतीस सालचा फेब्रुवारी, मी सात वर्षांचा. तू तेव्हा आपल्या बेटावरच्या रबातच्या मोठ्या शाळेत, शनिवारीच घरी येणारा. तीन दिवस वायव्येचा वारा पिसाटला होता, तो त्या पहाटे पडला. बाबा दीपगृहाच्या रखवालदाराला मिठाची पिशवी द्यायला जुर्दानच्या टेकडीवर निघाले आणि मला म्हणाले, चल. वर पोचलो तेव्हा उजाडत होतं. सिसिलीच्या किनाऱ्याच्याही पलीकडे, आभाळात, एकटा, मिठाच्या ढिगासारखा पांढरा डोंगर. वर धुराची शेपटी. बाबा म्हणाले, एटना. मी त्यांचा हात धरला होता. त्यांच्या तळहाताच्या भेगा मला अजून आठवतात.

बाकीची अकरा पानं कुणीही लिहील. हे एक मीच लिहू शकतो, म्हणून थोडा माज आलाय. तपासून लवकर पाठव.

श्वेयनीच्या मिठाच्या कुंड्यांतलं पाणी उन्हाळ्यात आटतं, तसा लोभ आटू देऊ नये.

तुझा,
लेली


झेब्बूज, गोझो
२४ ऑगस्ट १९८६

चि. लेली यास,
विस्तिनचे अनेक उ. आशीर्वाद.

तुझे जाड पाकीट सांता मारियाच्या उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी आले. अंगणात फटाक्यांचे कागद अजून उडत होते. वाटले, नातीचे फोटो असतील. उघडले तर आत लेखक निघाला. अभिनंदन.

मी चाळीस वर्षे शिकवले. पावसाळी सकाळी ओल्या पाट्यांचा वास, खिडकीबाहेर केपरच्या झुडपांवर पडलेले ऊन, आणि तीस मुलांनी एका सुरात म्हटलेली कविता. यापलीकडे जगात काही असते असे मला फारसे वाटले नाही. बेटांची कविता मीच त्यांच्यासाठी रचली होती. तिच्यातल्या दोन ओळी तुझ्या पहिल्या पानावर घालण्यास माझी हरकत नाही :

थोरला माल्टा, धाकटा गोझो, कोमिनो चिमुकले,
दर्याच्या या ताटामध्ये तीन घास राहिले.

माझ्याही खणात काही कागद पडून आहेत. त्यांचे नावही योगायोगाने तेच आहे जे तू ठेवले आहेस. चारशे दहा पाने. कोणी विचारले नाही, मी दाखवले नाही. बारा पानांची पुस्तिका लोक वाचतात हे मला आधी सुचायला हवे होते.

आता चुका. सिसिली आपल्यापासून साठ नव्हे, नव्वद किलोमीटर धर. लिबिया दक्षिणेला आहे, तू पूर्वेला सरकवली आहेस. तिथल्या लोकांना निदान विचारायचे तरी. फिनिशियन आधी आले, रोमन नंतर, मग अरब, मग धर्मयोद्धे सरदार, मग इंग्रज. तुझ्या सातव्या पानावर सगळे एकाच दिवशी उतरल्यासारखे वाटतात. जगन्तीयाची देवळे राक्षसिणीने बांधली, कडेवर मूल आणि तोंडात घेवड्याच्या बिया, हे आजीने सांगितलेले तू खरे म्हणून लिहिले आहेस. ‘अशी आख्यायिका आहे’ हे तीन शब्द घालायला शाई फार लागत नाही. आणि १५५१ साल तू विसरलास. त्या साली तुर्कांनी गोझोवरची जवळजवळ सगळी माणसे गलबतात घालून नेली. बेट सोडून पुष्कळ जण गेले आहेत, लेली, पण ते निदान बांधून नेलेले होते.

राहिले अकरावे पान. शांतपणे वाच. एटना येथून दोन अंश उत्तरेस आहे. पृथ्वी गोल आहे, मध्ये सिसिलीचे सगळे डोंगर आहेत. आपल्या बेटावरून एटना दिसत नाही. तू सात वर्षांचा होतास, झोपेतून उठवून नेलेला होतास, आणि वारा पडल्यानंतर उत्तरेला पांढरे ढग साचतात हे मी अनेकदा पाहिले आहे. बाबा मिठागरी होते, मिठाचे त्यांना कळत असे. भूगोल त्यांचा विषय नव्हता. मुलांच्या हाती जाणाऱ्या पुस्तकात असे जाऊ नये. तिथल्या शाळेतल्या बाई पुन्हा नखाने खरवडतील.

वाईट वाटून घेऊ नकोस. काढून टाक म्हणजे झाले.

माझा चष्मा बदलायला झाला आहे, म्हणून अक्षर असे. तिकडे सर्वांस आशीर्वाद सांगणे. चुका दाखवल्या म्हणून लोभ कमी करू नये, वाढवलास तर आनंदच आहे.

तुझा,
विस्तिन


सनशाइन, मेलबर्न
२० सप्टेंबर १९८६

ती. विस्तिनदादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चुका सुधारल्या. लिबिया जागेवर नेऊन ठेवली, राक्षसिणीच्या मागे आख्यायिका लावली. १५५१ घातलं. तुझं बांधून नेण्याबद्दलचं वाक्य दोलोरला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुम्हालाही बांधूनच नेलं होतं, फक्त दोरी दिसत नव्हती. तुमचा बोटीवरचा फोटो बघा म्हणाली, रडका मेला. तेव्हा माझ्या बाजूनं बोलणारं एक माणूस घरात आहे.

अकरावं पान काढलं.

वाद घालत नाही. तू मास्तर. लहानपणी आपलं काही बरोबर की चूक ते तुझ्याकडे बघूनच ठरायचं, ती सवय छप्पन्नाव्या वर्षीही सुटत नाही. एक मात्र लिहितो, रागावू नको. ढग हलतो दादा. मी बराच वेळ बघत होतो, ते हलत नव्हतं. पण तू म्हणतोस तर हललं असेल.

गेली तीस वर्षं घरातल्या प्रत्येक मुलाला झोपवताना मी तो डोंगर सांगितलाय. काल तान्याला सांगितलं, की आजोबांनी पाहिला तो ढग होता. तिनं विचारलं, मग तुझ्या बाबांनी खोटं सांगितलं का? मी म्हटलं, नाही गं, त्यांचीही चूक झाली. तिनं मान डोलावली आणि कुशीवर वळली. दादा, त्या एवढ्याशा माणसापुढे मी बाबांना चुकीचं ठरवलं, ते काही मला नीट पचलं नाही.

छापखान्यातला माणूस म्हणाला, अकरावं पान कोरं राहिलं तर पुस्तक आजारी दिसतं. म्हणून तिथं शावेरच्या पस्तीझीच्या दुकानाची जाहिरात घातलीय. ‘गरमागरम, रोज सकाळी सहापासून.’ सकाळच आहे म्हणायचं तीही.

तुझी चारशे दहा पानं कुणाला दाखव ना. मला हेवा वाटतो त्यांचा. चारशे दहा पानं पुरेल इतकं मला काही ठाऊकच नाही. आणि तू रोज सकाळी दार उघडलंस की सगळं समोर असतं तुझ्या, पाहून लिहायचं. मी इथं छत्तीस वर्षं डोळे मिटून बघतोय.

कार्मेनाताईला नमस्कार. लोभ आहेच, असू द्यावा.

लेली


सनशाइन, मेलबर्न
१५ डिसेंबर १९८६

विस्तिन,

परवा पुस्तिकेचा समारंभ झाला. दीडशे माणसं होती, पोरं वेगळी. बँड होता, पावाशी बिगिल्ला होता, वाइन होती. मी चार शब्द बोललो. टाळ्या झाल्या. मग दोन पेले पोटात गेलेला स्पीरू खुर्चीवर चढला. म्हणाला, पहिल्या पानावर आमच्या मास्तरांच्या कवितेच्या दोनच ओळी आहेत, आधीच्या दोन कुठं गेल्या? आणि त्यानं हात मागे बांधून, वर्गात म्हणायचा तशी, सगळी कविता म्हटली :

वर सिसिली, खाली लिबिया, मध्ये आपले बेट;
थंडीमधल्या निवळ सकाळी एटनाशी होते भेट.

झेब्बूजची अजून सातआठ जणं होती तिथं. पन्नाशीतली टकली माणसं उभी राहून त्याच्याबरोबर म्हणायला लागली. एटनाशी होते भेट. चाळीस वर्षं शिकवलंस तू हे त्यांना.

मी टेबलाशी हातात पुस्तिका घेऊन उभा होतो. अकरावं पान उघडंच होतं. गरमागरम, रोज सकाळी सहापासून.

सगळ्या गावाच्या पोरांना एटना दिसतो. मलाच तेवढा दिसत नाही. का रे?

आता एक सांगतो, जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, त्या पानावरही लिहिलं नव्हतं. ती सकाळ माझी होती असं तुला वाटत असेल. नव्हती. बाबा मला एकट्याला कुठं घेऊन गेले, असं आयुष्यात त्या एकदाच झालं. जाताना अख्खी टेकडी मी मनातल्या मनात नाचत चढलो, की आज मी आणि बाबा, विस्तिन नाही. तो डोंगर दिसल्यावर मी विचारलं, बाबा, किती लांब आहे तो? आणि बाबा काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, मला नाही बाबा माहीत. विस्तिनला विचार शनिवारी. त्याला माहीत असेल. आणि तसे हसले, जसे माझ्याकडे बघून कधी हसले नाहीत. उतरताना सगळा रस्ता तेच. विस्तिनला विचारशील ना, विसरू नको, मलाही सांग तो काय म्हणतो ते.

तुला उचलून कुंडीत टाकावं असं वाटलं होतं मला. मी तुला विचारलं नाही. त्या शनिवारीही नाही, नंतरही नाही. पुस्तिकेतही लांबी लिहिली नाही, बघ हवं तर. डोंगर ठेवला, तुला तेवढं गाळलं त्यातून. आणि तू काय केलंस, तर डोंगरच काढून घेतलास.

लोभाबद्दल या खेपेस काही लिहीत नाही.

लेली


झेब्बूज, गोझो
६ जानेवारी १९८७

चि. लेलीस,
कार्मेनाताईचे आशीर्वाद, आणि कान धरून एक पिरगाळा.

तुझं पत्र नाताळच्या आदल्या दिवशी आलं. सण बघून तरी धाडायचं. विस्तिननं ते खिडकीशी नेऊन नाकाला लावून वाचलं. म्हणजे वास घेतला नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आलाय, दोन्ही डोळ्यांत, डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की माल्टाला जावं लागेल म्हणून टाळतो. जगाचा भूगोल शिकवणारा माणूस बोटीत पाऊल ठेवायला घाबरतो. तर वाचलं, घडी केली, टोपी घातली आणि गेला. जेवायला आला नाही. सशाचा रस्सा दोनदा गरम केला मी. तिसऱ्यांदा मांजराला घातला.

मग ते पत्र मी वाचलं. वाचू नये म्हणतात. पण तुम्ही दोघं एकमेकांना जे लिहिता ते या घरात माझ्याच डोक्यावर फुटतं, तेव्हा आधी ठाऊक असलेलं बरं.

तुला ठाऊक नाही ते मी सांगते. त्यानं एटना कधी पाहिलेला नाही. अडतीस सालच्या त्या शनिवारी तो घरी आला, तर तू आईला सांगत होतास डोंगराचं, हात पसरून. तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे एकटा गेला वर. धुकं होतं. तेव्हापासून दर हिवाळ्यात, वारा पडला की जातो. अठ्ठेचाळीस हिवाळे मोजलेत मी. कधी ढग, कधी धुरकं, कधी पोचेपर्यंत ऊन वर आलेलं. खाली येऊन काठी कोपऱ्यात ठेवतो आणि म्हणतो, आज हवा स्वच्छ नव्हती. ती कविता त्यानं न बघताच लिहिली. पोरांना शिकवताना त्याला वाटे, आपल्याला नाही तर यांच्यापैकी कुणाला तरी भेटेल. आणि भेटायचा. गुराखी पोरं यायची सांगत, मास्तर, आज दिसला. तो त्यांच्या वहीत बरोबरची खूण करायचा आणि त्या दिवशी घरी कुणाशी बोलायचा नाही.

तुझ्या पुस्तिकेचं पत्र आलं त्या आठवड्यात त्यानं ते चारशे दहा कागद खणातून काढले, वाळत घातल्यासारखे पलंगभर मांडले आणि बघत बसला. मी विचारलं, चिठ्ठीपत्री आहे का कुठल्या छापखान्याची. म्हणाला, लेलीचं छापतायत. असं म्हणाला की जसं काही तू त्याची टोपी घालून मिरवणुकीत चाललायस.

तो जे वागला ते वाईटच. मी त्याची बाजू घेत नाही. पण तुझीही घेत नाही. तू म्हणतोस, बाबांनी तुला नेलं पण नाव विस्तिनचं काढलं. तो म्हणतो, बाबांनी मला शाळेत धाडलं पण डोंगर लेलीला दाखवला. दोन म्हातारे गाढव एकाच गवताच्या पेंढीसाठी दोन बाजूंनी रडतायत. मला कुणी विचारलंय? मला ना शाळेत धाडलं, ना टेकडीवर नेलं. तुम्ही दोघं परत आलात की पायावर ओतायला पाणी कुणी तापवलं, त्याचं नाव तुझ्या कुठल्या पानावर आहे ते सांग. अकरा वर्षांची होते मी. लेस विणायच्या उशीवर मान खाली घालून बसायचे. खिडकीतून जेवढं दिसेल तेवढा माझा भूगोल. ते मी कधी बोलले नाही, आता बोलले, संपलं.

तो तुला उत्तर लिहील. घाई करू नको. वारा अजून पडलेला नाही.

दोलोरला सांग, गुडघ्याला वाळू गरम करून बांध. लोभ करायचा तर तिघांवर सारखा करावा.

तुझी,
कार्मेनाताई


झेब्बूज, गोझो
१९ फेब्रुवारी १९८७

चि. लेली यास,
अनेक आशीर्वाद, ते देण्याचा हक्क माझ्याकडे उरला असेल तर.

उत्तराला उशीर झाला. कारण कार्मेनाने तुला कळवलेच आहे. तिने मला तसे सांगितले आणि वर म्हणाली की पत्रे ती पुढेही वाचणार आहे, तेव्हा अक्षर नीट काढ.

आधी जे लिहायला हवे ते लिहितो, मग बाकीचे. मी खोटे लिहिले. चुकून नव्हे, समजून. पृथ्वी गोल असली तरी तो डोंगर तीन हजार तीनशे मीटर उंच आहे, सिसिलीच्या टेकड्यांवरून डोके काढतो, हे मी चाळीस वर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवले आहे. तुझे पान वाचले तेव्हा मला ते फार आवडले. तळहाताच्या भेगांपाशी मी थांबलो. माझ्या चारशे दहा पानांत बाबांचा हात कुठेच नाही. पुस्तक तुझे, समुद्र तुझा, नातवंडे तुझी. वाटले, ती एक सकाळ तरी याच्याकडून काढून घ्यावी. हातात लाल शाई होती. काढून घेतली.

आता परवाचे. तीन दिवस वायव्येचा वारा होता, तो सतरा तारखेच्या पहाटे पडला. मी काठी उचलली तर कार्मेना शाल घेऊन दारात. मी म्हटले, तू कशाला, चढ आहे, गुडघे दुखतील. ती म्हणाली, एकोणसाठ वर्षांत या घरातल्या एकाही पुरुषाने मला टेकडीवर नेले नाही, आज मीच चालले आहे, तुला यायचे तर ये. म्हणून मी गेलो.

वाट तीच आहे. घेवड्याची फुले आली आहेत, त्यांचा वास पहाटे जास्त येतो. लहानपणी पाठ केलेल्या कवितांपैकी एकही त्या चढावर मला आठवली नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, तिचा आणि माझा. दीपगृहाच्या भिंतीशी पोचलो तेव्हा पूर्वेला फटफटले होते. मी उत्तरेकडे तोंड केले. लेली, मला आता दुधात पाणी घातल्यासारखे दिसते. आभाळ कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो तेही समजत नाही. अठ्ठेचाळीस वर्षे हवा स्वच्छ नव्हती. परवा हवा काचेसारखी होती, हे मला थंडीवरून कळत होते, आणि डोळे स्वच्छ नव्हते.

मी विचारले, काही दिसते का. ती एवढा वेळ गप्प राहिलेली मी कधी ऐकलेली नाही. मग म्हणाली, विस्तिन, तिकडे कुणीतरी पाण्यावर माझी लेस धरली आहे. पांढरी. त्रिकोणी. वरून एक धागा सुटलाय, तो उजवीकडे वळलाय.

मी म्हटले, ढग असेल. सवयीने गेले तोंडातून. ती म्हणाली, मास्तर, ढग हलतो. हा हलत नाही.

हेच तू लिहिले होतेस, सप्टेंबरात. ते पत्र तिने वाचलेले नाही; ते माझ्या कोटाच्या खिशात आहे, अजूनही.

मग मी तिला म्हटले, सांग मला. आणि तिने सांगितले, ऊन वर येईपर्यंत. कडा आधी राखाडी होत्या, मग गुलाबी झाल्या, एका बाजूची सावली निळी होती. मी तिचा हात धरला होता. तिच्या बोटांना टाचण्यांनी पडलेले घट्टे आहेत, ते मला आजवर ठाऊक नव्हते. मला काही दिसले नाही. पण तो तिथे आहे हे मला माहीत आहे, कारण ज्यांनी पाहिला त्यांनी मला सांगितले. एवढ्यावर विश्वास ठेवायला मला एकोणपन्नास वर्षे लागली. उतरताना माझ्या मनात तिच्याबद्दलही हेवा होता. थोडा. तिला सांगितला. ती म्हणाली, असू दे, माझीही पाळी यायला हवी होती कधीतरी.

सोबतच्या पार्सलात तीनशे चिठ्ठ्या आहेत. रबातच्या छापखान्यात छापून घेतल्या. खिळे जुळवणारा पूर्वी माझ्या वर्गात होता. मजकूर वाचून त्याने माझ्याकडे पाहिले आणि कामाला लागला. प्रत्येक प्रतीत अकराव्या पानावर चिकटव. शावेरला सांग की त्याच्या पस्तीझीवर एवढा मोठा डोंगर कोणी ठेवला नसेल. मजकूर असा :

‘शुद्धिपत्र. पान अकरा. येथे छापलेल्या जाहिरातीऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे : आमच्या बेटावरून एटना दिसतो. लेखकाने तो फेब्रुवारी १९३८ मध्ये आपल्या वडिलांचा हात धरून पाहिला. दिसत नाही असे ज्याने लेखकास सांगितले, त्याने तो स्वतः कधी पाहिलेला नाही.’

खाली माझे नाव आहे. माझे छापलेले हे पहिलेच लेखन. चार ओळी, पण चुका नाहीत.

तान्याला ती चिठ्ठी तूच वाचून दाखव. तिच्या पणजोबांची चूक झाली नव्हती.

अजून एक राहिले. अडतीस साली इस्टरच्या सुट्टीत बाबांनी मला विचारले होते, लेलीने तुला काही विचारले का रे? मी नाही म्हटले. ते म्हणाले, विचारेल. नंतरही दोनतीनदा विचारले, जेवताना, आणि एकदा श्वेयनीला मीठ झाडताना, झाडू थांबवून. मी दर वेळी नाही म्हणालो. मला वाटायचे, तुझ्या गणिताबद्दल असेल. पुढे तू बोटीत बसून गेलास, वर्षाने ते गेले. त्यांना काय हवे होते ते मला नाताळच्या आदल्या दिवशी कळले.

तर उत्तर असे. जुर्दानच्या टेकडीवरून एटनाच्या शिखरापर्यंत सरळ अंतर सुमारे एकशे अठ्ठ्याण्णव किलोमीटर आहे. कार्मेनाने नकाशावर तिचा लेसचा दोरा धरला आणि आकडे वाचले, तीनदा. तिन्ही वेळा तेच आले. आज दुपारी कबरस्तानात जाऊन बाबांना सांगून आलो. तुझ्या नावाने सांगितले, कारण प्रश्न तुझा होता.

दोरा हातात होताच, म्हणून शाळेतून आणलेल्या जुन्या पृथ्वीगोलावर झेब्बूजपासून मेलबर्नपर्यंतही लावून पाहिला. दोरा पुरला नाही. कार्मेनाने गाठ मारून दुसरा जोडला. आकडा आला आहे. मी तो कागदावर लिहून ठेवला आहे, या पत्रात लिहीत नाही.

तू विचार.

पाणी आटले तरी कुंडीत जे उरते, तेवढा तरी लोभ ठेवावा.

तुझा,
विस्तिन